विभाताईंची बाटली

पाटणकर हात देईनात.

त्यांना फक्त डावा हात पुढे करायचा होता. डायलिसिसचा तंत्रज्ञ संग्रामसिंग दोन्ही सुया तयार ठेवून उभा होता, मशीन सुरू होण्याची वाट पाहत होतं. पाटणकरांनी हात पांघरुणात घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"साब, हाथ दीजिए ना," संग्रामसिंग तिसऱ्यांदा म्हणाला.

"नहीं. आजही नहीं और परसों भी नहीं."

शनिवारची पाळी त्यांनी चुकवलीच होती. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. आजचं डायलिसिसही चुकलं तर अंगात साठलेलं पाणी छातीत चढेल, हे त्यांच्या बायकोला, विभाताईंना, पाठ होतं. जयपुरातल्या तिलक नगरहून हॉस्पिटलपर्यंत रिक्षात त्या सारखं तेच बोलत आल्या होत्या. आता स्टुलावर बसून पदराने चष्मा पुसत होत्या.

डॉक्टर प्रतिमा आल्या त्या दोन मजले चढून, मे महिन्याच्या भर दुपारी, लिफ्ट बंद असताना. मूळच्या नागपूरच्या असल्या तरी जयपूरचं ऊन त्यांनाही अजून मानवलेलं नव्हतं. पाटणकरांचा त्यांच्यावर फार जीव. लघवीतल्या दोषावरून चार वर्षांपूर्वी या बाईंनी किडनीचं दुखणं वेळीच ओळखलं, गोळ्या आणि पथ्यावर मशीन तीन वर्षं लांब ठेवलं, आणि ते येणारच म्हटल्यावर या डाव्या हाताची शीर छोट्या ऑपरेशनने सुयांसाठी आधीच तयार करून घेतली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पत्ताच उशिरा लागला. त्याची शीर तयार नव्हती, म्हणून मानेत नळी घातली होती. एरवी तिकडे नजर गेली की पाटणकर मनातल्या मनात डॉक्टरांना हात जोडत. आज त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"काका, काय झालं?"

डॉक्टर घाम टिपत खाटेच्या कडेला टेकल्या.

"काकू, पाणी आहे का हो जवळ? घसा पार सुकला."

विभाताई दचकल्या. पिशवीत, डब्याच्या खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली बाटली होती. त्या उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाहेर जिन्यात या ना. तिथे देते."

"जिन्यात कशाला?"

"हे बघतायत ना."

डॉक्टरांना नीट कळलं नाही. त्यांनी सरळ पिशवीत हात घातला, टॉवेलातली बाटली काढली, उंच धरली आणि त्या वरूनच घटाघटा पाणी प्यायल्या. विभाताईंनी डोळेच मिटून घेतले.

पाटणकर कुशीवर वळले होते. ते टक लावून पाहत होते.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "वर्षभरात माझ्यासमोर पाणी प्यायलेलं पहिलं माणूस तुम्ही."

डॉक्टरांनी विभाताईंकडे पाहिलं. विभाताई गडबडून सांगू लागल्या. यांना दिवसाला पाऊण लिटरच पाणी, मग यांच्यापुढे कसं प्यायचं? माठ शेजारच्या शालिनीकडे ठेवलाय. फ्रीज लेकीच्या, मैत्रेयीच्या, खोलीत नेलाय. यांना तहान आठवूच नये म्हणून.

"मैत्रेयी न्हाणीघरात जाऊन पिते," पाटणकर म्हणाले. "मला नळ ऐकू येतो. मी दिसलो की घरात सगळे गप्प होतात, जसं काही माझं दहावं चाललंय." त्यांचा आवाज चिरकला. "परवा शामराव आले होते, माझ्या ऑफिसातले. बनी पार्कहून, भर उन्हात, सायकलवर. हिने त्यांना पाणी विचारलं नाही. बिचारे ओठ चाटत दहा मिनिटं बसले आणि उठले. दारात आलेल्या माणसाला पेलाभर पाणी नाही, तेही माझ्यामुळे. मग हे रक्त धुऊन घ्यायचं कशाला, सांगा."

एवढ्या प्रेमाने राखलेल्या घरात माणूस एकटा पडला होता, आणि विभाताईंना त्याचा पत्ता नव्हता.

"दर महिन्याला तुमचं रक्त तपासते," डॉक्टर हळू म्हणाल्या. "पोटॅशियम विचारते, वजन विचारते. मनाला कसं वाटतंय, ते एकदाही विचारलं नाही. चुकलंच माझं, काका. यापुढे ते आधी विचारीन. आणि काकू, तहान यांना आहेच, ती लपवून जात नाही. घरात सगळ्यांनी नेहमीसारखं वागायचं. यांचं पाऊण लिटर यांचे हे सांभाळतील."

पाटणकरांनी मान हलवली. मग बायकोकडे पाहिलं.

"विभा, तू पी."

"मला नाही तहान."

"इथे चार-चार तास बसतेस. मे महिन्यात. जयपुरात. आणि तहान नाही?"

विभाताईंनी बाटली तोंडाला लावली. आधी एकच घोट घेतला, चोरट्यासारखा.

"संपव सगळं."

मग त्या खरंच प्यायल्या. त्यांना किती तहान लागली होती, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं, बाटलीतलंही थोडं सांडलं. त्यांच्या घोटाघोटाबरोबर पाटणकरांचा गळा हलत होता. चेहरा मात्र निवत चालला होता.

बाटली रिकामी झाली तेव्हा पाटणकरांनी डावा हात पांघरुणातून बाहेर काढला. संग्रामसिंगने फुगलेल्या शिरेवर बोट ठेवलं. आत वाहत्या रक्ताची थरथर लागत होती.

"बढ़िया चल रही है, साब."

"चलेगीच. या बाईंनी वेळेवर करून ठेवलीय." पाटणकरांनी डॉक्टरांना उजव्या हातानेच अर्धा नमस्कार केला. डॉक्टरांना तो घेणं जड गेलं, पण त्यांनी घेतला.

सुया आत गेल्या. नळीतून लाल रेघ मशीनकडे निघाली. विभाताई रिकामी बाटली टॉवेलात गुंडाळायला लागल्या आणि थांबल्या. ती त्यांनी तशीच उघडी, पाटणकरांच्या उशाशी ठेवली.

"शामरावांना रविवारी बोलाव," पाटणकर म्हणाले. "आणि ते आले की तू उठू नकोस. पाणी मी आणीन."