घरची चाल

"चालून दाखवा, आजी. त्या खिडकीपर्यंत जा आणि परत या."

फुलाबाईंनी पदर सारखा केला, निऱ्या ओढून पावलांवर सोडल्या आणि चालू लागल्या. लहान, एकसारखी पावलं. खांदे सरळ, मान किंचित खाली. खिडकीपाशी वळून तशाच परत आल्या.

डॉक्टरांनी हातातल्या टेपकडे पाहिलं. आत्ताच त्यांनी फुलाबाईंचे दोन्ही पाय कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत मोजले होते. डावा पाय लहानपणीच्या तापात वाळलेला, उजव्यापेक्षा चांगलाच आखूड. मापाप्रमाणे या बाईंना असं चालणं शक्य नव्हतं.

"चालताना त्रास होत नाही?"

"छ्या! कसला तरास?"

भिंतीलगतच्या बाकावर फुलाबाईंच्या चपला मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या नवऱ्यानं, कुंडलिकतात्यांनी, डोळे मिटून घेतले.

"आजी, पायाचं माप आणि तुमची चाल, दोन्ही बघून अपंगत्वाचे टक्के ठरतात," डॉक्टर म्हणाल्या. "चाळीसच्या खाली गेले, तर अपंगांची पेन्शन मिळत नाही. आणि तुमची चाल तर माझ्यापेक्षा चांगली आहे."

"मॅडम, पुढच्या म्हयन्यात हिला पासष्ट पुरी व्हत्यात," तात्या उठलेच. "त्याच्या आत अर्ज गेला न्हाई तर हुकलं सगळं. भोरला पुन्यांदा शिबिर कवा लागंल, कुणाला ठावं? अगं, घरी चालतीस तशी चाल की!"

"घरचं घरी. चार लोकांत कुणी तसं चालतं व्हय?"

रांगेतले त्यांच्याच गावचे गेनबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. "वैनी, असं करा. तुमची चाल मला द्या, माझी काठी तुमी घ्या. दोघांचंबी काम हुतंय."

बाकांवर हशा पिकला. फुलाबाईही हसल्या, पण निऱ्या त्यांनी आणखी थोड्या खाली ओढल्या.

डॉक्टर खुर्चीवरून उठल्या, त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि साडीचा काठ बोटभर उचलला. डावी टाच हवेत होती. सगळा भार चवड्यावर.

"अशी किती वेळ धरता?"

"माणसं असत्यात तवर."

"कोणी शिकवलं?"

"आईनं. ह्यांच्याकडची मला बघायला येणार व्हती, म्हायेरी विंझरला. पोरीला चालून दाखवाया सांगत्यात ना. मग रोज गोठ्याची भिंत धरून शिकले मी."

"आन् चालली ती काय चालली!" तात्या डॉक्टरांना सांगू लागले. "आमची आय तर म्हणाली, ह्या पोरीच्या डोईवर भरली घागर दिली तर थेंब सांडायचा न्हाई. लगीन झालं. चौथ्या दिवशी ही मागच्या दारी धुणं घेऊन चालली व्हती, तवा आयनं बघितलं आन् तिथंच बसली कपाळाला हात लावून."

फुलाबाईंचं हसू गेलं.

"ह्यांची फसवणूक झाली, मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पर कधी बोलून दाखवलं न्हाई हो."

"माझी कसली फसवणूक? आयची झाली." तात्यांनी चपला या हातातून त्या हातात घेतल्या. "म्या आधीच बघितली व्हती तुला."

"कुठं?"

"मेंगाईच्या जत्रंत. बहिणीच्या मागं पळत व्हतीस. हातात कलिंगडाची फोड, अन् ह्या अंगाला अशी झोकांडी जायची, त्या अंगाला तशी. निम्मं कलिंगड परकरावर. पळत तर समदीच पोरं व्हती. पर एवढ्या मजेत कुणी पळत नव्हतं. घरी आलो आन् मामाला म्हणलं, विंझरची ती पोरगी बघा."

गेनबांनी हनुवटी काठीवरून उचलली.

"आन् हे आज सांगताय?" फुलाबाई म्हणाल्या.

"तू कधी इचारलंस?"

"मला काय ठावं, तुमाला ठावं हाय म्हून!"

तात्या चपलांकडे बघत उभे राहिले. फुलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. सकाळी एसटीत शेजारी बसलेला माणूस हाच का, असं काहीसं पाहणं होतं ते.

मग त्या वाकल्या. निऱ्यांचा झुबका मुठीत धरून वर उचलला आणि कमरेला घट्ट खोचला. दोन्ही घोटे उघडे पडले, एक जाड, एक काटकीसारखा. डावी टाच फरशीवर आली. तसा त्या बाजूचा खांदा खाली गेला.

फुलाबाई चालू लागल्या. खांदा खाली, खांदा वर. हात मोकळे, लांब हेलकावत. खिडकी आली, तरी त्या वळल्या नाहीत. शेजारच्या दारातून व्हरांड्यात गेल्या.

"बस, आजी! कळलं मला," डॉक्टरांनी हाक मारली. त्यांचं लिहून झालं होतं. "चाळीसच्या पुष्कळ वर जातंय. प्रमाणपत्र मिळेल तुम्हाला."

"बरं झालं, बाई," व्हरांड्यातून आवाज आला. पावलं थांबली नाहीत.

तात्या चपला घेऊन मागे धावले. फुलाबाई पायऱ्या उतरून अंगणात पोचल्या होत्या. उभी असलेली माणसं बाजूला सरून वाट देत होती, आणि त्या दोन्ही अंगांना झोके घेत त्यातून चालल्या होत्या. मागे घाईघाईची पावलं ऐकून त्यांनी मान वळवली.

"अवं, मागनं काय येताय?" त्या म्हणाल्या. "शेजारी चाला की."