कडेवरचं पोर

तांबडखेडला साठी उलटलेलं कुणीही कडेवर पोर घेतल्याशिवाय रूळ ओलांडत नसे. शेतं सगळी पलीकडे, पूल कुणी बांधला नाही, आणि नवी बिनचालकाची गाडी दिसेपर्यंत अंगावर आलेली असायची. ब्रेक लावण्याआधी ती समोरच्या माणसाचं उरलेलं आयुष्य आतल्या हजारो प्रवाशांच्या खोळंब्याशी तोलायची. म्हाताऱ्यांसाठी ती थांबत नसे. पोरांसाठी हमखास थांबे.

नामदेवआप्पा रोज शेजारच्या इंदूची रेवा न्यायचे. त्या दिवशीही तिला घेऊन ते रुळात उतरले आणि गाडी आली. आता थांबेल, म्हणून आप्पा निवांत चालत राहिले. ती थांबली नाही. आप्पांनी पोरीसकट खडीत अंग झोकलं आणि डबे कानाजवळून सणसणत गेले.

इंदू धावत आली. "गाडीच बिघडली असंल, आप्पा! तक्रार करू."

आप्पा रेवाच्या दंडावरची पट्टी बघत होते. ताप हटेना म्हणून कालच तालुक्याच्या दवाखान्यात तिचं रक्त घेतलं होतं. रिपोर्ट इंदूला सोमवारी मिळणार होता. गाडीला मात्र दवाखान्यातलं सगळं आधी कळायचं.

"करू की," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इंदू रेवाची वेणी घालून तिला दारात घेऊन आली, तर आप्पा निघालेही होते. त्यांच्या कडेवर सुताराचा पोरगा होता. रेवानं हात वर केले. "आप्पा, मला घ्या ना!"

आप्पांनी मागं वळून पाहिलं नाही.

इंदू दारातच उभी राहिली. थोड्या वेळानं रुळावर ब्रेक करकचले. गाडी ठणठणीत होती.