मागची बैठक

"फरझाना त्या टांग्यात बसणार नाय," नूरमहंमद तिसऱ्यांदा म्हणाला, आणि याही वेळी कारण सांगितलं नाही.

लग्न चार दिवसांवर आलं होतं. लेकीची हौस एकच, अब्बांच्या टांग्यातून सासरी निघायचं. तिचा भाऊ मुराद सौदीहून सुट्टीवर आला होता. त्यानं पेणच्या रामवाडीतल्या घरामागे धूळ खात पडलेला टांगा बाहेर ओढला, चाकांना नवं रबर चढवलं आणि रंगवायला जोहे गावातून हिरामण पेंटरला आणलं. घोडा रोह्याहून यायचा होता. सगळं जुळून आलं, आणि ज्याचा टांगा तोच आडवा आला. रिक्षाच्या जमान्यात टांग्याचं कौतुक, म्हणून शेजारी आधीच हसत होते. त्यांना आता आयतं निमित्त मिळालं.

"अब्बा, माझ्यावर रागावलात का?" फरझानानं विचारलं तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीला सांगणार काय? तुझी जागा रिकामी नाही म्हणून?

अठरा वर्षं ती जागा रिकामी नव्हती. मागे कोण चढलं हे टांगेवाल्याला वळून बघावं लागत नाही. वजन पडलं की टांगा मागे उलार होतो, पुढच्या दांड्या वर उठतात आणि टांगेवाला आपसूक पुढे सरकून बसतो. नूरमहंमद रिकामा टांगा घेऊन जोह्याच्या फाट्यावरून निघाला की तसंच व्हायचं. दांड्या वर उठायच्या. तो पुढे सरकायचा. पेणच्या बाजारात शिरेपर्यंत कोणीतरी त्याच्या पाठीला पाठ लावून बसलेलं असायचं. वळून बघायची हिंमत त्याला एकदाही झाली नाही. लोकांनी तिला हडळ म्हटलं असतं. त्यानं तो शब्द कधी तोंडात येऊ दिला नाही, कारण गुन्हा त्याचा होता, तिचा नव्हता. शेवटी त्यानं घोडा विकला आणि टांगा घरामागे ढकलला.

हिरामण गणपती रंगवणारा माणूस. त्यानं जुन्या रंगाचे पापुद्रे खरवडले, फटींत लांबीचा लगदा भरला, घासून लाकूड गुळगुळीत केलं, वर लाल रंग चढवला. बोलणं बेताचंच. मागच्या फळीवर तो समोरासमोर दोन मोर काढत होता तेव्हा नूरमहंमदनं चहा आणून दोन हाका मारल्या. उत्तर नाही. मोरांचे डोळे पुरे झाल्यावर हिरामण वळला.

"राग नका मानू, चाचा. डोळ्यांची आखणी सुरू झाली की मधी बोलायचं नाय, उठायचं नाय. एका डोळ्याचा देव टाकून उठू नये, बापानं शिकवलंय. आता मोराला पण तीच सवय."

"चहा गार झाला," नूरमहंमद म्हणाला. दोघंही जरा हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपाची आतली बाजू तेवढी उरली. हिरामण ब्रश घेऊन चढला आणि मागच्या बैठकीवर बसला.

"उतर!" नूरमहंमद ओरडला. "तिथं बसू नको!"

हिरामण दचकून उतरला. "रंग सुकलाय, चाचा."

इतकी वर्षं दाबून ठेवलेलं म्हाताऱ्याला आता आवरेना. "तिथं एक बाई बसते. तुमच्याच गावची. बाळंतपणात अडली व्हती. सांगावा आला म्हणून मी टांगा घेऊन दारात गेलो. घंटा वाजवली. एक बिडी संपेपर्यंत थांबलो. कोण बाहेर येईना. वाटलं, दुसऱ्या गाडीनं नेली असंल. धरमतर बंदरात लाँचचे पॅसेंजर खोळंबले व्हते, निघालो. संध्याकाळी कळलं, गेली. पोर पण गेलं. जोह्यात लोक म्हणाले, टांगेवाला आलाच नाय. मी काय बोलणार? उतरून आत एक हाक मारली नाय, म्हणजे न गेल्यासारखंच की."

हिरामणच्या हातातला ब्रश मातीत पडला. तो उचलायला वाकला नाही.

"शकू," तो म्हणाला. "माझी बायको."

नूरमहंमदचे हात आपोआप जुळले. हिरामणनं ते धरून खाली केले.

"घंटा मी ऐकली व्हती, चाचा."

नूरमहंमदनं हात सोडवून घेतले.

"देवाचा एक डोळा झाला व्हता, एक राहिला व्हता. आतून ती हाका मारत व्हती, बाहेर तुमी. म्हटलं, एवढा डोळा झाला की उठतो. उठलो तवा टांगा गेला व्हता. टांगा आलाच नाय, हे गावात मीच सांगितलं."

म्हातारा रागानं एक पाऊल पुढे आला. अठरा वर्षं जोह्याचा एकही माणूस त्याच्या टांग्यात चढला नव्हता. पण तोंडून शिवी आली नाही, वेगळंच आलं.

"मग ती माझ्या मागं का बसते? माझ्या पोरीच्या जागेवर का?"

हिरामणनं मातीतला ब्रश उचलला.

"माझ्याकडं कधी नाय आली," तो म्हणाला. "मी लय वाट बघितली. तिला न्यायला तुमीच आले व्हते, चाचा."

टांग्याला घोडा नव्हता. दांड्या टेकूवर होत्या. नूरमहंमद चालत मागे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बैठकीकडे सरळ बघत उभा राहिला. मग त्यानं घराकडे तोंड करून हाक मारली.

"फरझाना! इकडं ये गो, बसून बघ. जरा कडेला सरकून बस. दोघींना जागा हाय."