डाग नसलेलं लेदर

नव्या सोफ्यासाठी साहेबांनी दुकानातलं सगळं लेदर हुंगून, चिमटून, नखानं ओरबाडून पाहिलं. अस्सल चामड्यावरच्या बारीक खुणा दिसताच त्यांनी नाक मुरडलं.

"साहेब, जनावराला खरचटल्याच्या खुणा आहेत त्या. खऱ्या चामड्याची तीच ओळख," सोफे शिवणारे काका म्हणाले. "ते गुळगुळीत दिसतंय ना, त्याला नुसता वरून मुलामा दिलाय. वर्षभरात पापुद्रे सुटतील."

"मला लेदर शिकवू नका!" म्हणत साहेबांनी तेच गुळगुळीत पसंत केलं.

वर्ष सरायच्या आत सोफा सोलपटला. उठणाऱ्या पाहुण्यांच्या पाठीला काळे पापुद्रे चिकटू लागले. पण चूक कबूल करतील तर ते साहेब कसले! शेजारच्या वकीलबाईंना त्यांनी ऐटीत सांगितलं, "मुद्दाम असा करून घेतलाय. परदेशात सध्या हेच चालतं. जाणकारालाच कळतं म्हणा ते."

 

दुसऱ्याच दिवशी वकीलबाई सोफ्याचा फोटो घेऊन काकांच्या दुकानात हजर. "अस्साच करून द्या. फक्त आमचा त्यांच्यापेक्षा थोडा जास्त सोललेला असू दे."