पोळपाटातला आवाज

लिलाव संपायला अकरा मिनिटं उरली होती आणि पोळपाटावरची बोली चढतच होती. मंदाकिनीने बँकेतली नोकरी सोडून ऑनलाइन लिलावाचा धंदा धरला, त्याला सहा वर्षं झाली होती. जुन्या लाकडात मुरलेले आवाज यंत्राने ऐकता येऊ लागल्यापासून अशा वस्तूंना भाव आला होता. मात्र आवाज एकदाच निघायचा, मग लाकूड कायमचं मुकं व्हायचं.

तेवढ्यात फोन वाजला. "ताई, मी अकोल्याहून कुंदा पुंडकर बोलतेय. तो पोळपाट माझ्या आईचा. भावाने भंगारात दिला. बोली मला झेपत नाही. फक्त आवाज ऐकवाल का?"

"अहो, ऐकवला तर मी विकू काय?"

"बरं, राहू द्या," कुंदा म्हणाली, पण तिने फोन ठेवला नाही.

मंदाकिनीने चालू लिलाव रद्द केला. आता दंड म्हणून महिनाभर तिचं दुकान लिलावाच्या साइटवरच्या यादीत तळाला राहणार होतं. तिने फोन यंत्राजवळ धरला आणि बटण दाबलं.

लाटण्याची खडखड ऐकू आली, मग एक बाई वैतागून म्हणाली, "कुंदे, गरम आहे तोवर खाऊन घे गं!"

फोनवरची कुंदा साठीची तरी असावी.

"आले, आई," ती म्हणाली.