‘माझी ओळख’चं पोस्टर

“दात नसले म्हणून काय झालं? हसरा फोटो लाव, आणि मला मधोमध बसव!” माझी आई संगणकापाशी वाकून माझ्या भाचीला बजावत होती.

“आजी, पोस्टर माझं आहे, तुझं नाही!” भाची खिदळली.

शाळेत ‘माझी ओळख’ या विषयावर पोस्टर द्यायचं होतं. ते पूर्ण झालं आणि दोनच दिवसांत आई गेली. आम्हा ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी आदिवासींत गेलेल्या माणसाचा चेहरा दाखवत नाहीत, नावही उच्चारत नाहीत; दुखवटा उठायला कधी वर्ष जातं, कधी जास्त.

आज सकाळची प्रार्थना आटोपून मी शाळेत गेले. भाचीने संगणकावरच्या पोस्टरमधून आजीचा फोटो आपणहून काढून टाकला होता आणि मोकळ्या जागी बाजूच्या चित्रातली लाल माती ओढून घेतली होती.

“मावशी, आता झालं ना? छापून लावू ना भिंतीवर?”

तिच्या वर्गशिक्षिका हॉलोरन बाईही माझ्याकडे बघू लागल्या. मी नुसतंच वरच्या मोठ्या अक्षरांकडे बोट दाखवलं.



भाची जन्मली तेव्हा आईने हौसेने तिला आपलंच नाव दिलं होतं. ते ती आता एकेक अक्षर करून पुसू लागली.