सहा वाजताचा आकडा

दुपारचे बाराच वाजले होते, आणि निनादच्या तक्त्यात संध्याकाळी सहाचा आकडासुद्धा लिहून झाला होता. ते बघून मुकादम तुळशीरामचं डोकंच फिरलं.

प्रसूतिगृहाच्या पायासाठी जमिनीत ओतलेला खांब इमारतीचा भार पेलेल का, ते तपासायला त्यावरच्या मचाणावर वाळूच्या हजारो गोण्या रचल्या होत्या. खांब किती खचतो, ते गोण्यांखाली शिरून तासातासाला डायलवर वाचायचं, एवढंच या कॉलेजच्या पोराचं काम.

“काका, दहाला सुई हललीच नव्हती. आता काय हलणार?”

“एवढी खात्री? मग उचल डबा. गोण्यांखाली बसून जेवू. सहापर्यंत तिथंच.”

निनादनं वाकून आत पाहिलं. त्याचं पाऊल उचलेना.

“तुला घडीभर बसवत नाही,” तुळशीराम कडाडला, “आणि इथं बाळंतिणी झोपायच्यात!”

निनाद रांगत आत शिरला.

“काका... सुई दोन रेघा सरकलीय.”

“मग लिही तसं!”